ह्यांच्याशी बोलण्यापुरतं इंग्रजी

मंगळवार, ४ मार्च

आज हे पुन्हा “वॉटर” म्हणाले. मी मुद्दाम विचारलं — पाणी हवं का? पाणी? नुसते तोंडाकडे बघत राहिले. पलीकडच्या खोलीत रेडिओ लागलेला असावा तसं. आवाज येतोय, शब्द लागत नाहीत. शेवटी मीच हरले. “वॉटर?” तर लगेच मान हलली.

दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या मॅडमनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. झटका आला तेव्हा बोलणं सगळंच गेलं होतं. आता परत येतंय, पण येतंय ते इंग्रजीच. सगळा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला, तिथे दिवसरात्र इंग्रजी. मराठी फक्त रजेत, घरी. मॅडम म्हणाल्या, “जी भाषा जास्त वापरली ती आधी वर आली, असं समजा. मराठीही येईल कदाचित. कधी, ते मला विचारू नका. तोवर घरात इंग्रजीतच बोला.”

घरात म्हणजे कोण? मीच की!

मला शाळेत इंग्रजीत पास केलं होतं ते बाईंना दया आली म्हणून.

येताना कोपऱ्यावरून ही वही घेतली. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. निदान लिहावी.

गुरुवार, ६ मार्च

आजचं एकूण संभाषण — टी. यस. नो. हॉट. संपलं.

रविवार, ९ मार्च

लेकीचा फोन. तोंड दिसतं तो. ह्यांचा उजवा हात अजून लुळाच, म्हणून मी फोन धरून उभी. बापलेक फाडफाड बोलत होते. म्हणजे ती फाडफाड, हे अडखळत, पण बोलत होते! एकदा तर हसले. कशाला हसले ते मला कळलं नाही. मी माझ्याच घरात फोनचा स्टँड.

नंतर लेक माझ्याशी बोलली. “आई, तू क्लास लाव ना. स्पोकन इंग्लिशचे ढिगाने असतात.”

“ह्या वयात?”

“ह्या वयात बाबा बोलायला शिकताहेत.”

आईचीच मुलगी आहे, तोंड बंद करायला शिकलीय.

संध्याकाळी वन्संचा फोन. त्यांचं निदान मॅडमच्या वरचं. “अगं, शुद्ध नाटकं! लहानपणापासून असाच आहे माझा भाऊ. नको असलं की त्याला ऐकू येत नाही.” रागावून ठेवला मी फोन. मग वाईट वाटलं. रडत होत्या त्या पलीकडे, मोठी बहीण आहे शेवटी.

बुधवार, १२ मार्च

क्लास! किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची खोली. हाताला फळी जोडलेल्या खुर्च्या. त्यात शिरायचं म्हणजे कसरत. सगळी पोरं माझ्या लेकीपेक्षा लहान. सर तर असे, की मी रस्त्यात पाहिले असते तर “बाळ, किती वाजले?” विचारलं असतं.

सरांनी एकेकाला उभं केलं. इंग्रजी का शिकायचंय? कुणाला मुलाखत द्यायचीय, कुणाला परदेशी जायचंय. मी उभी राहिले. “माय हजबंड... टॉक.”

“व्हेरी गुड! युअर हजबंड टॉक्स इन इंग्लिश?”

“ओन्ली,” मी म्हटलं.

सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं बाईंचा नवरा कुणी मोठा साहेब आहे. मीही हसले. खरं सांगायचं होतं, पण त्यासाठी लागणारे शब्द शिकायलाच तर आले होते.

शुक्रवार, २१ मार्च

गंमत झाली. दुकानात कपडे घ्यायचे, नंबराची चिठ्ठी टाचायची, डाग कुठे ते खडूने दाखवायचं — ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर इतकी वर्षं काढली, पण कपड्याच्या आतली ती छोटी पट्टी मी कधी वाचली नव्हती. नुसती चित्रं ओळखायची. इस्त्रीवर फुली, बादलीवर फुली. आज वाचली. डू नॉट ब्लीच. डू नॉट रिंग, म्हणजे पिळू नका. अख्खी वाक्यं! एकेका कोटात एकेक धडा, तोही फुकट. मालकीणबाई म्हणाल्या, “कॉलरीत तोंड घालून काय करताय?”

सरांना विचारलं. म्हणाले, ही आज्ञार्थी वाक्यं. झालं, घरी येऊन मी सुटलेच. सिट! ईट! डू नॉट टॉक, ईट! टेक मेडिसिन!

गोळी गिळून हे म्हणाले, “यस, कॅप्टन.”

आणि डाव्या हाताने सलाम.

बुधवार, २ एप्रिल

सरांना विचारलं, “अहो”ला इंग्रजीत काय म्हणायचं?

वर्ग फुटला हसून. सर बिचारे विचारात पडले. “तसा शब्द नाही मॅडम. नावानेच हाक मारतात.”

नावाने! लग्नानंतर मी ह्यांचं नाव कुणापुढे घेतलेलं नाही. बँकेत विचारलं तर लिहून दाखवते. इथेही लिहिणार नाही.

पण दुपारी हे खिडकीत बसले होते, पाठमोरे. मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणून पाहिलं. एकदाच. नुसतं नाव.

असे वळले! जणू जहाजावरून कुणी हाक मारली. “यस?”

“नथिंग,” म्हटलं आणि नळ सोडला.

रविवार, ६ एप्रिल

चहा दिला तर म्हणाले, “थँक यू.” गोळ्या दिल्या, थँक यू. पाठीला उशी लावली, थँक यू, माय डिअर.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मराठीत चहा दिला की वर्तमानपत्र थोडं सरकायचं, तेवढंच.

वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणतात, “नवऱ्याने थँक्यू कशाला म्हणायचं गं? हॉटेलात आहेस का?” हसलो दोघी. पण फोन ठेवल्यावर मी तो शब्द मनात पुन्हा पुन्हा घोळवला. माय डिअर.

बुधवार, ९ एप्रिल

सर म्हणाले, इंग्रजीत प्लीज, थँक यू, डिअर हे स्वल्पविरामासारखे असतात. वाक्यात टाकत जायचे. दुकानदाराला, शिपायाला, कुणालाही.

स्वल्पविराम. बरं.

मंगळवार, १५ एप्रिल

मी म्हटलं, आज एका कोटावर वाइनचा डाग आला होता. हे म्हणाले, नो. अगेन. मी पुन्हा म्हटलं. नो! माझ्या तोंडून म्हणे द्राक्षाची वेल, “व्हाइन” निघते, दारू निघत नाही. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. आपल्याकडे एकच “व” आहे बाई, त्यातच सगळं भागतं.

मग त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. दात खालच्या ओठावर — हा एक. ओठ गोल, शीळ घालताना करतात तसे — हा दुसरा. मी दिव्याकडे तोंड करून उभी, आणि हे इतक्या जवळून माझ्या ओठांकडे बघताहेत! वन्सं असत्या तर घेरी येऊन पडल्या असत्या.

मला जमलं. “गुड!” म्हणाले. शाबासकी देताना चेहरा कसा उजळला. आजारपणानंतर असा पहिल्यांदाच.

रविवार, २७ एप्रिल

भूतकाळ सुरू झाला. क्लासमध्ये, आणि घरीही.

मी विचारलं, “शिप... वॉज गुड?” आणि हे बोलायला लागले. तुटक, थांबत, शब्द हुडकत. वादळात इंजिन बंद पडलं होतं ते. खाली सगळा काळोख, तेल, उकाडा, आणि जहाज कुशीवर झुकतंय. “आय वॉज अफ्रेड,” म्हणाले. “एव्हरी टाइम. एव्हरी सिंगल टाइम.”

मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. प्रत्येक वेळी? रजा संपली की बॅग उचलून निघायचे ते फाटकापाशी मागे वळूनही बघायचे नाहीत. मी म्हणायची, दगड आहे का हा माणूस!

तेव्हा भीत होते?

गुरुवार, ८ मे

लेक म्हणते, “आई, तू केवढी सुधारलीस!” हो. आता पाऊण तास बोलतो आम्ही जेवताना. पण मी जे बोलते ते मला बोलायचं असतं का? मला जे शब्द येतात ते मी बोलते. दमले, वैतागले, उबगले, जीव मेटाकुटीला आला — सगळ्याला एकच, टायर्ड. दुःखाला माझ्याकडे दोन शब्द आहेत. सॅड आणि व्हेरी सॅड.

इंग्रजीतली मी कुणी वेगळीच बाई आहे. गरीब, गोड, सगळ्याला यस म्हणणारी. ह्यांना ती आवडते, मला दिसतं ना. पण माझं काय? माझी चेष्टा, माझा तिरकसपणा, माझी म्हण, माझा टोमणा — ते सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून यावं लागतं.

एकाच ताटाशी दोघं बसलोय आणि मी एकटीच जेवतेय, असं वाटलं आज.

मंगळवार, ३ जून

वन्संना फोनवर क्लासची मजा सांगत होते. एका पोराने “मी किचनमध्ये काम करतो”ऐवजी “मी चिकनमध्ये काम करतो” सांगितलं, आणि सर गंभीरपणे म्हणाले, आत जागा पुरते का? वन्सं खो-खो हसल्या. सहज वळून बघते तर हेही खिडकीकडे तोंड करून हसत होते. बाहेर कबुतरांची काहीतरी मारामारी चालली होती.

शनिवार, १४ जून

एक प्रश्न आहे. लिहूनच ठेवते.

लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एका लग्नात ह्यांच्या जहाजावरच्या मित्राची बायको भेटली. म्हणाली, “आमचे आता कायमचे घरी! कंपनीने सगळ्या सीनियर लोकांना किनाऱ्यावर ऑफिसात नोकरी देऊ केली ना. तुमच्यांनीच नको म्हटलं म्हणे?” मी म्हटलं, हो, ठाऊक आहे मला. ठाऊक कसलं! ताटातलं काही खाल्लं गेलं नाही तेव्हा.

त्या रजेत विचारायचं ठरवलं होतं. पुढच्या रजेत. त्याच्या पुढच्या. मराठीत तो प्रश्न माझ्या जिभेवर यायचा आणि उंबरठ्यावरूनच परत फिरायचा. कारण मराठीत तो नुसता प्रश्न राहत नाही. त्यात माझा आवाज येतो. भांडण येतं. आणि हे उठून बाहेर जातात.

इंग्रजीत मला आवाजच नाही. इंग्रजीत विचारता येईल.

शुक्रवार, २० जून

सरांना वाक्य दाखवलं. व्हाय यू डिड नॉट टुक. सरांनी खोडलं. “मॅडम, प्रश्नात डिड आधी. आणि भूतकाळ एकदा डिडने उचलला की पुढचं क्रियापद मोकळं. टुक नाही, टेक.”

व्हाय डिड यू नॉट टेक द जॉब.

घोकतेय. दुकानात, बसमध्ये, भांडी घासताना.

रविवार, ६ जुलै

आज विचारणार होते. “व्हाय डिड यू...” इथवर आलेही. हे म्हणाले, “यस?” मी म्हटलं, “...नॉट फिनिश सूप?”

भित्री कुठली!

रविवार, १३ जुलै

विचारलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. पूर्ण वाक्य, एकही चूक नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. तर हात वर केला — कळलं.

मग त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, शिपवर माझी गरज होती. इथे तू सगळं करायचीस. बँक, शाळा, माझे आईवडील, गळका नळसुद्धा. मी घरी यायचो तेव्हा तुम्ही मायलेकी स्वयंपाकघरात हसत असायचात. मी आत आलो की हसणं थांबायचं. “आय वॉज अ गेस्ट. नाइस प्लेट, क्लीन टॉवेल. गेस्ट.”

एवढंच. शांतपणे. आणि माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं.

मला इंग्रजी सुचलंच नाही. एक शब्द नाही! मी मराठीत सुटले. म्हटलं नाहीतरी ह्यांना कळणार नाही, भिंतीला काय नि ह्यांना काय. पाहुणा? पाहुणा म्हणता? अहो, नळ मी दुरुस्त केला कारण तो गळत होता, मला प्लंबर व्हायची हौस नव्हती! मामंजींना शेवटचं आजारपण आलं तेव्हा मी त्यांना उचलून बसवायची, माझी कंबर गेली ती गेलीच. लेकीला ताप चढला की मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत तुमच्या फोनची वाट बघायची, आणि फोन आला की म्हणायची, सगळं ठीक आहे. का? तर तुम्ही लांब, तुम्हाला घोर नको. हसणं थांबायचं म्हणता — लेक बोलायला लागली त्याच रजेत तुम्ही म्हणाला होतात, जरा हळू, इंजिनच्या आवाजाने कान किटलेत. त्या दिवसापासून आम्ही हळू बोलायला लागलो! तुमच्यासाठी! नवा टॉवेल तुमच्यासाठी काढायची, कारण वर्षभर तो कपाटात बघून मला वाटायचं, माणूस येणार आहे माझं. आणि तुम्हाला तो पाहुण्याचा वाटला?

मध्ये श्वास घ्यायला थांबले. हे म्हणाले, “गो ऑन.”

आवाज ऐकत असतील नुसता. मला भानच नव्हतं, गेले पुढे. एकटी कशी झोपायची, दाराला आतून खुर्ची कशी लावायची, लोक “जहाजवाल्याची बायको, मजा आहे तिची” म्हणायचे ते, सगळं, सगळं. टेबलावरचा पाण्याचा पेला डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला त्यांनी. मी प्यायले आणि पुन्हा सुरू. “आणि लेकीच्या लग्नात तुम्ही—” एवढ्यात बेल वाजली. शेजारीण, गिरणीचा नंबर विचारायला.

ती गेल्यावर मला पुढचं काही आठवेना. हे मान खाली घालून बसले होते.

सोमवार, १४ जुलै

हलकं वाटायला हवं होतं. कपाट रिकामं केल्यावर खोली अजूनच पोकळ दिसते ना, तसं झालंय. एवढं साठलेलं बोलले, आयुष्यात पहिल्यांदा, समोर बसवून. आणि ऐकलं कुणी? समोर माणूस होता आणि तिथे कुणीच नव्हतं. ह्याच्याएवढं एकटेपण मला ते समुद्रावर असतानाही आलं नव्हतं. तेव्हा निदान वाटायचं, आले की सांगू.

गुरुवार, २४ जुलै

दुकानातून आले तर चहा तयार! एका हाताने केलेला. ओट्यावर साखर सांडलेली, दूध उतू गेलेलं, आणि हे भिजलेल्या शर्टाने उभे. “सिट,” म्हणाले. “डू नॉट टॉक. ड्रिंक.”

प्यायले. गोडमिट्ट. थँक यू म्हटलं. स्वल्पविराम.

मंगळवार, २९ जुलै

मॅडमकडे आत गेले की हल्ली बराच वेळ लागतो. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत, मी बाहेरच्या बाकावर शब्द पाठ करते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

हे व्यायामाच्या खोलीत होते. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, “आता महिन्यातून एकदा आणलंत तरी चालेल. मराठी तर इतकी स्वच्छ झालीय!”

मी म्हटलं, इंग्रजी.

“नाही हो, मराठी. मे महिन्यातच समजायला लागली होती, जूनपासून माझ्याशी मराठीतच बोलतात. मीच फोन करणार होते तुम्हाला, तर म्हणाले, नका, तिला मीच सांगेन. अजून सांगितलं नाही?” मग माझं तोंड बघून जरा चपापल्या. “मी विचारलं होतं त्यांना, का थांबलात म्हणून. म्हणाले, मराठीत आम्ही कधी बोललोच नाही. भीती वाटते, मराठी आली की पुन्हा गप्प होऊ.”

टॅक्सीत मी काचेबाहेर बघत बसले. राग आला. मग तो रविवार आठवला. “गो ऑन” म्हणाले होते.

घरी आलो. हे नेहमीच्या खुर्चीत बसले. “टायर्ड?”

मी म्हटलं, “हो. जीव मेटाकुटीला आलाय.”

मग त्यांनी शेजारची खुर्ची डाव्या हाताने ओढली.

“बस,” म्हणाले. “लेकीच्या लग्नात मी काय? त्या दिवशी तू मध्येच थांबलीस.”